पुढे मामा, मागे कपाट

नवरीला मांडवात नेताना जड सामान गाडीच्या कुठल्या टोकाला ठेवावं, याबद्दल आपल्या धर्मशास्त्रात एक अक्षरही लिहिलेलं नाही. मुहूर्त आहे, गोत्र आहे, नाडी आहे, मंगळ आहे. वजनाचं काही नाही! ही उणीव माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुलूच्या लग्नात माझ्या हातून भरून निघाली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही राहायला मुलुंडला आणि लग्नाचा हॉल बोरिवलीला. (वरपक्षाच्या सोयीने. वधूपक्षाला सोय नसते, तयारी असते.) पाहुण्यांसाठी बस ठरली होती. राहिली होती नवरी आणि तिचं रुखवत. शहाण्या माणसांनी नवरीला टॅक्सी आणि रुखवताला टेंपो केला असता. पण आमच्या घरात शहाण्या माणसाची जागा माझ्याकडे होती.

मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे इंजिनिअरने जो विचार करायचा, तो करून झाल्यावर मी तो पेन्सिलीने कागदावर काढायचा. पण आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मला इंजिनिअरच म्हणत, आणि मीही कधी कुणाला अडवलं नव्हतं.

माझा शाळेपासूनचा दोस्त दिल्या अंधेरीत सिनेमाच्या शूटिंगला गाड्या पुरवायचा. त्याच्याकडे एक कॅराव्हॅन होती, जीपच्या मागे हुकाने जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. मधोमध दोन चाकं, पुढे खिडकी, मागच्या बाजूला दार आणि अगदी मागच्या भिंतीवर आरसा. आरसा म्हणजे काय आरसा! चहूबाजूंनी बल्ब! हिरॉइनने मेकअप करायचा आरसा!

"शिऱ्या, घेऊन जा यार," दिल्या म्हणाला. "बहिणीचं लग्न आहे. जीप मी स्वतः चालवतो."

"यात सामान किती भरायचं? कसं भरायचं?"

"ते मला काय माहीत? मी गाडी देतो. भरायचं ते गिऱ्हाईक बघतं. आमची हिरॉइन एकटी बसते, आणि ती तर काही खातच नाही."

सुलूला आरशाचं सांगितलं मात्र, टॅक्सीचा विषय घरात कायमचा संपला.

लग्नाच्या दिवशी सकाळी कॅराव्हॅन आमच्या बिल्डिंगखाली उभी राहिली. सगळी कॉलनी गॅलरीत आली. आमचे भाऊमामा, आईचे थोरले भाऊ, देवगडहून खास आले होते. भाऊमामा म्हणजे आडवा देह, त्याहून आडवा स्वभाव. फळीवर बसले की फळी आधी बोलायची आणि मग मामा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"ह्यां काय रे शिऱ्या? सर्कशीतल्या वाघाचो पिंजरो?"

"मामा, फॉरेनला लोक यात राहतात."

"तेंका घरा नसतली."

आता सामान. रुखवतात लाडू-चिरोट्यांची ताटं होती, शिवणयंत्र होतं, आणि भाऊमामांनी भाचीला दिलेलं लोखंडी कपाट होतं. कपाट रिकामं न्यायचं नसतं म्हणून आईने त्यात तांब्या-पितळेची भांडी भरली होती. कुलूप लावून किल्ली मामीच्या कमरेला, आणि मामी पाहुण्यांच्या बसने बोरिवलीला रवाना.

"कपाट कुठे ठेवायचं रे?" बाबांनी विचारलं.

इथे मी पेन्सिल काढली. खरंच काढली! गाडीच्या पत्र्यावर आकृती काढून सगळ्यांना समजावलं, "बाबा, जीप आपली नाही. दिल्याने मैत्रीखातर दिलीय. दुसऱ्याच्या गाडीवर आपण आपला भार टाकायचा का? शोभतं का ते? तेव्हा जड ते सगळं मागे, चाकांच्याही मागे. म्हणजे जीपच्या हुकावर वजनच येणार नाही."

"वा!" बाबा म्हणाले. भिडस्त माणसाला हे फार पटतं.

"आणि माझा कपाट दाराकडेच होया," मामा म्हणाले. "थंय गेल्यार पयला ताच उतराक होया. लोकांका दिसूक नको, कोणी दिल्यान ता?"

म्हणजे विज्ञान आणि मानपान दोन्ही एकाच बाजूला! असा योग क्वचित येतो. कपाट आम्ही मागच्या भिंतीला, आरशाशेजारी उभं केलं आणि मी स्वतः दोरीने आवळून बांधलं. शिवणयंत्र त्याच्या पायाशी. मग हूक जोडला, आणि जीपचा मागचा भाग हलकेच वर उचलला गेला.

"बघ!" मी दिल्याला म्हणालो. "भार तर सोडच, तुझी जीप उलट हलकी झाली!"

"झकास!" दिल्या म्हणाला. आम्ही दोघांनी टाळी दिली. (त्या टाळीचा आवाज मला अजून कधीकधी ऐकू येतो.)

जीपमध्ये पुढे दिल्या आणि बाबा. मागच्या उघड्या बाकावर मी, तोंड कॅराव्हॅनकडे करून, लक्ष ठेवायला. कॅराव्हॅनमध्ये सुलू, आई, दोन मावश्या, एक आत्या आणि भाऊमामा. नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं, म्हणून मामांना तिच्या शेजारीच बसायचं होतं. सुलू आरशासमोर. आणि जिथे बल्ब लावलेला आरसा, तिथे दोन मावश्या आणि एक आत्या! गाडीच्या पुढच्या अर्ध्या भागात चिरोट्यांचं एक ताट सोडलं तर कुणी नव्हतं.

भांडुप, कांजूरमार्गपर्यंत गर्दी होती, आम्ही रांगत होतो, म्हणून सगळं सुरळीत. पवई मागे टाकून आरे कॉलनीच्या रस्त्याला लागलो, रस्ता मोकळा झाला, उतार आला. दिल्याने जरा पाय दाबला. आणि कॅराव्हॅन लाजली.

खरंच, आधी नुसती लाजल्यासारखी हलली. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. मग तिची भीड चेपली. डावीकडे गेली ती गवताला लागली, उजवीकडे गेली ती समोरून येणाऱ्या दुधाच्या टेंपोवाल्याला त्याच्या सगळ्या कुलदैवतांची आठवण करून देऊन आली. मागचं टोक डोलत होतं आणि आमच्या जीपचं ढुंगण त्याच्या तालावर नाचत होतं. मी त्याच ढुंगणावर बसलो होतो! तबेल्यांतल्या म्हशी चरायचं थांबून बघायला लागल्या. आतून मावश्यांचा आवाज येत होता. डावीकडे जाताना "अगं बाई", उजवीकडे जाताना "मेले मेले".

"दिल्या! हळू!"

"मी हळूच आहे रे! ती मला ढकलतेय!"

कशीबशी गाडी थांबली. दार उघडून सुलूने डोकं बाहेर काढलं. डोळ्यांत काजळ घालत होती. ते डोळ्यातून निघून कानापर्यंत गेलं होतं.

"दादा," ती शांतपणे म्हणाली. (ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.) "बाराचा मुहूर्त आहे. मला लग्न करायचंय. जिवंतपणी."

बाबा खाली उतरून बघत होते. त्यांचं बालपण साताऱ्याकडच्या गावात गेलेलं. "बैलगाडी मागून जड भरली की उलाळ होते," ते म्हणाले. "जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास बसतो. तसंच दिसतंय हे."

"बाबा, ही काय बैलगाडी आहे?"

"नाही. बैलांना थांबायची अक्कल असते."

मग मी कपाट पुढे सरकवायला गेलो. गाठ सुटेना. ती मी बांधली होती, आणि मी काम पक्कं करतो! दोरी कापायला चाकू नाही. भांडी काढून कपाट हलकं करावं, तर किल्ली मामीच्या कमरेला. मावश्यांना म्हटलं, "जरा पुढे बसता का?" तर मोठी मावशी म्हणाली, "पुढे आरसा आहे का?" राहता राहिले मामा.

"मामा, तुम्ही पुढच्या खिडकीपाशी बसाल का? वारा छान येतो."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच क्षणभर उलाळ झालो. "मी चेडवाचो मामा. मी चेडवाच्या शेजारी बसतलंय. फुडे बसाक मी काय ट्रकाचो किलिंडर?"

आता आणखी एक शब्द बोललो असतो तर मामा रुसले असते. तुम्ही जड आहात म्हणून पुढे बसा, हे सांगणं तर अशक्यच. मुलीचा मामा लग्नात रुसला की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिलं नाही तो सुखी आहे.

पुन्हा निघालो. पुन्हा डोलणं सुरू. आणि दुसऱ्याच वळणावर मामांचा संयम सुटला. ते तरातरा पुढे आले, खिडकीत छाती टेकवली आणि माझ्यावर तोंड सोडलं.

"मेल्या शिऱ्या! तुका इंजिनिअर कोणी केल्यान? दुकानात वजन करतत थंय तरी कधी उभो रवलंस?"

मी मान खाली घालून ऐकत होतो. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, गाडी सरळ चाललीय! डोलणं बंद! जीपचं ढुंगण खाली टेकलंय! दिल्या आरामात शीळ घालतोय!

मामा दमून मागे वळले. चार पावलं गेले असतील नसतील, गाडी पुन्हा डोलायला लागली.

आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदाच, मला एक गोष्ट कुणी इंजिनिअरने आधी विचार केल्याशिवाय कळली. ओढायच्या गाडीत वजन चाकांच्या पुढे थोडं जास्तच हवं. हुकावर थोडा भार पडलाच पाहिजे, तरच मागचं धूड ताब्यात राहतं. आमच्याकडे हलवता येण्याजोगं वजन एकच होतं, आणि ते फक्त रागावल्यावरच पुढे येत होतं. म्हणजे बोरिवली येईपर्यंत मामांना रागावलेलं ठेवणं भाग होतं!

"मामा!" मी ओरडलो. "तुम्ही गेल्या जत्रेला दशावतारात शंकासुर केलात ना? लोक म्हणत होते, देवाने मारायच्या आधीच मेलेला वाटत होता!"

मामा खिडकीत हजर. गाडी सरळ!

"कोण म्हणी होतो? नाव सांग तेचा! रातभर नाचलंय मी! पोरा रडली माका बघून!"

हे गोरेगावपर्यंत पुरलं. मग मामांचा आवाज उतरायला लागला, पाय मागे वळायला लागले.

"मामा, आमच्या मुलुंडच्या मासळीबाजारात हलवा देवगडपेक्षा ताजा मिळतो!"

"बर्फातलो! आठ दिवसांचो! तो हलवो नाय, ता मढा!"

आता बाबांनी मागे वळून बघितलं. मी त्यांच्या मेहुण्याचा अपमान का करतोय, हे त्यांना माहीत नव्हतं. पण बायकोच्या भावासमोर जन्मभर "हो हो, बरोबर" म्हणत आलेला माणूस तो. त्यांचे डोळे लकाकले.

"शिऱ्या," ते हळूच म्हणाले, "त्याला म्हणावं, तुझी पायरी पाण्यात बुडते."

"काय?"

"घराची रे, दर पावसाळ्यात. पाया चुकलाय त्याच्या घराचा. वीस वर्षं बोलायचं होतं मला."

मी ते ओरडून सांगितलं. मामांनी खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली. गाडी रुळावर बसवल्यासारखी धावू लागली. बाबा पुढून दारूगोळा पुरवत होते, मी डागत होतो. त्यांच्या बैलाचं रडकं तोंड झालं. त्यांच्या भजनातला बेसूर झाला. मालाड मागे पडलं. दिल्या म्हणाला, "शिऱ्या, तुमची फॅमिली एकदम फर्स्ट क्लास आहे यार!"

पण कांदिवलीपाशी मामांचा घसाच बसला. ते कपाळाला हात लावून मागे फिरले. समोर मोठा उतार, मागून ट्रक, गाडी डोलू लागली. आतून "अगं बाई" सुरू झालं. माझ्याकडचे सगळे बार संपले होते. आणि मग, देवा शपथ सांगतो, निव्वळ सुलूचा जीव वाचावा म्हणून, मी ते वाक्य बोललो.

"मामा! हापूस खावा तर सुलूच्या सासरचा! रत्नागिरीचा! देवगडच्या हापसाला नुसतं नाव आहे!"

आईचा "शिऱ्या!" असा एक क्षीण स्वर आला. मग मामा आले. खिडकीत आले म्हणजे किती आले! निम्मे बाहेर आले! दोन्ही हात माझ्या मानेच्या दिशेने लांब केलेले, मध्ये फक्त गाडीचा दांडा, आणि बसलेल्या घशातून जे बाहेर पडत होतं ते शब्द नव्हते, वाफ होती. त्या आसनात आम्ही बोरिवलीला पोचलो. मुहूर्ताच्या आधी! एक चिरोटा मोडला नाही!

हॉलच्या दारात सनई वाजत होती. मी उडी मारून खाली उतरलो आणि सगळ्यांनी पाठ थोपटावी म्हणून जरा उभा राहिलो. मामा खाली उतरले. त्यांनी खुर्ची मागितली, हॉलच्या फाटकाबाहेर ठेवली, आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

"मी बोहल्यार येवचंय नाय," ते बसलेल्या आवाजात म्हणाले. "रत्नागिरीचो मामा बघा खंय मिळता काय."

आतून भटजींचा आवाज माइकवरून आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

आईने पदर डोळ्यांना लावला. बाबा एका खांबामागे गेले. (मी खांबामागे बघितलं तर "माझं नाव सांगू नकोस" एवढंच म्हणाले.)

मी मामांच्या पाया पडलो. "मामा, मी मुद्दाम बोललो. तुम्ही पुढे यावं म्हणून."

"फुडे कित्याक?"

आता काय सांगू? तुमचा अपमान केला, तो तुम्ही लठ्ठ आहात म्हणून? एका रुसव्यावर दुसरा रुसवा कसा चढवायचा? माइकवरून पुन्हा, "मुलीच्या मामांनी मुलीला लवकर घेऊन यावं!"

तेवढ्यात सुलू आली. शालू, मुंडावळ्या, सगळं जागच्या जागी. मामांच्या खुर्चीपाशी ती चक्क खाली बसली.

"मामा, माझं काजळ बघा."

"बरा आसा."

"आरेमध्ये ते कानापर्यंत गेलं होतं. तुम्ही मागे आलात की आरसा हलायचा, पुढे गेलात की स्थिर. मी आरशात सगळं बघत होते. तुम्ही खिडकीत उभे राहिलात ना, तेव्हा मी हे काजळ घातलं. तुम्ही होतात म्हणून गाडी उलटली नाही. दुसऱ्या कुणाचा मामा असता ना, आम्ही सगळ्या आत्ता आरेच्या गवतात असतो."

मामा विचार करायला लागले. ओठ हलले. "म्हणजे... माझ्या वजनान?"

बाबा खांबामागून डोकावले.

"म्हणजे गाडी मीच हाडलंय! मुलुंडासून बोरिवलीक! उभ्यान!" ते ताडकन उठले. खुर्चीने सुटकेचा आवाज केला. मग माझ्याकडे वळले. "शंकासुराचा माफ. घराच्या पायऱ्येचा, ता तुझ्या बापाशीचा डोक्या, ताय माफ. पण आंबो? आंब्याचा मागे घे. हय नाय. भितर. त्या माइकार."

मी धावत आत गेलो. भटजींच्या हातातून माइक ओढला. अक्षता घेऊन उभ्या असलेल्या भरल्या हॉलसमोर, खणखणीत आवाजात, एका दमात म्हणालो, "मी जाहीरपणे सांगतो, हापूस फक्त देवगडचा! रत्नागिरीचा आंबा देवगडच्या कोयीची बरोबरी करणार नाही!"

मागून मामांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनी. वाजवत वाजवत ते सुलूला घेऊन बोहल्याकडे निघाले. बाकी हॉल गप्प होता. कारण अर्धा हॉल रत्नागिरीचा होता. पहिल्या रांगेत नवरदेवाचे काका, तिथले बागायतदार, फेटा सावरत माझ्याकडे एकटक बघत होते.

मंगलाष्टकं झाली, लग्न लागलं. मुहूर्त एका क्षणानेही चुकला नाही. मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं आणि वर आहेर मिळवायचा, असा तो गोड विधी. मी मोठ्या ऐटीत पुढे झालो. नवरदेवाने हसत कान पुढे केला. एवढ्यात काका उठून माझ्या उजव्या बाजूला आले.

"जरा थांबा," ते फार सभ्यपणे म्हणाले. "रत्नागिरीकडून एक कान आधी." आणि माझा उजवा कान धरून पिळला. बागायतदाराची बोटं ती. देठासकट आंबा तोडायची सवय!

"ह्या बरा केलास!" भाऊमामा आनंदाने म्हणाले. "रवा, देवगडाचा बाकी आसा." आणि त्यांनी डावा धरला.

दोघंही सारख्याच ताकदीने पिळत होते, आणि एकमेकांकडे बघून चक्क हसत होते. फोटोग्राफर म्हणाला, "तसेच राहा!" त्या दिवशी मी बांधलेल्या, भरलेल्या आणि ओढून आणलेल्या सगळ्या सामानात दोन्ही बाजूंनी बरोबर समतोल भार पडलेली एकच वस्तू होती, आणि तीही आतून रिकामी होती. माझं डोकं!